अन्नम्माचा एकुलता एक फोटो

दक्षिणेतल्या पाला गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पूर्वी अन्नम्मा नावाची बाई बसायची. तिचा चेहरा फारसा कुणी पाहिला नव्हता, पण आवाज सगळ्या तालुक्याला ठाऊक होता आणि निम्मा तालुका त्या आवाजाला टरकून होता. ट्रंक कॉल लावायला कुणी रिसीव्हर उचलला आणि नंबर सांगायच्या आधी घसा खाकरला, की पलीकडून यायचं, "घसा घरी साफ करायचा, लायनीवर नाही." एका बड्या फादरनाही तिनं असंच ऐकवलं होतं म्हणतात. खरंखोटं देव जाणे, पण तिनं कधी नाही म्हटलं नाही.

पुढे एक्स्चेंजमधली ती वायरींची खोकी भंगारात गेली, अन्नम्मा निवृत्त झाली, मुलगा जोमोन बंगळुरूला नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. आमच्या रीतीनं घरातल्या पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव, म्हणून तीही अन्नम्माच. बाप्तिस्म्याचं नाव चर्चपुरतं, घरात तिला मिन्नू म्हणतात. आजी झाली तरी बाईच्या तोंडाचा पट्टा काही सैल पडला नाही. नवरा कुरियाचन तेवढा तिला पुरून उरला. तो रबराच्या बागेतला माणूस, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "रबराच्या झाडाला चीर द्यावी लागते, तेव्हा चीक गळतो. आमच्या घरात चीर न देताच गळतं."

एवढी सडेतोड बाई, पण तिचं एक गाऱ्हाणं लहानपणापासून तसंच होतं. धाकटा भाऊ सेबिचन, त्याच्या बाळपणीच्या फोटोंची ही थप्पी. बाप्तिस्म्याचा, लाकडी घोड्यावरचा, अम्मचीच्या म्हणजे आईच्या मांडीवरचा, अम्मचीच्या खांद्यावर झोपलेला. आणि अन्नम्माचा? एकच. तो अम्मचीच्या खोलीत भिंतीवर होता. तीनेक वर्षांची मुलगी, वेताच्या खुर्चीत बसलेली, लेसचा फ्रॉक, हातात पांढरे हातमोजे, शेजारी फुलदाणी, डोळे टक्क उघडे. त्यानंतर एकदम सातव्या वर्षी पहिल्या कम्युनियनचा, मुलींच्या रांगेतला. "मधली चार वर्षं मी काय अनाथाश्रमात होते?" असं ती आईला तोंडावर विचारायची. अम्मची म्हणायची, "आहे ना भिंतीवर," आणि पदराच्या टोकानं त्या फोटोची काच पुसत राहायची. मुलगा तो मुलगा, मुलगी ती मुलगी, घरोघरी मातीच्याच चुली, असं म्हणून अन्नम्मानं ते गिळलं होतं. पचलं मात्र नव्हतं.

अम्मची, एलिश्वा तिचं नाव, नव्वदी ओलांडून गेली. शेवटची चार वर्षं ती अंथरुणावर होती. सेबिचन मेलबर्नला, तेव्हा सगळं केलं ते अन्नम्मानं. रबराच्या बागेपलीकडं माहेरचं घर, ती सकाळ-संध्याकाळ तिकडं जायची. भरवणं, धुणं, पाठीला पावडर लावणं. अम्मचीचं डोकं तेव्हा जागेवर नसायचं. ती आतून हाक मारायची, "अन्नम्मा, अगं अन्नम्मा." ही हातातलं टाकून धावायची. अम्मची हिच्याकडं बघायची आणि म्हणायची, "तुला नाही. अन्नम्माला बोलावलं."

"मग मी कोण, पोस्टमन?" असं ही म्हणायची आणि उशी सारखी करायची. पण बाहेर येऊन पडवीत बसली, की डोळ्याला पदर लागायचा. जिची सेवा करावी तिनंच आपल्याला परकं म्हणावं, याचं दुःख कुणाला सांगणार?

अम्मची गेली. महिन्याभरानं सेबिचनचा फोन आला, वर्षाच्या कुर्बान्याबद्दल, म्हणजे गेलेल्याच्या नावानं चर्चमध्ये होणाऱ्या प्रार्थनेबद्दल.

"चेची, वर्षाच्या कुर्बान्याला आम्ही सगळे येतोय. तोवर अम्मचीच्या जुन्या फोटोंचं एक पुस्तक छापू. तू नुसतं स्कॅन कर, बाकी मी बघतो."

"नुसतं म्हणे. चार वर्षं तिचं हगणं-मुतणं काढलं, तेही नुसतंच होतं."

"चेची, भांडायला फोन केलाय का मी?"

"करते रे बाबा. स्कॅनर पाठव. आणि धड पाठव, तुझ्यासारखा घरी आला की आजारी पडणारा नको."

"आणि हे बघ, आपलं दोघांचं एकेक पान. लहानपणीचा, अम्मचीबरोबरचा. माझे आहेत ढीगभर. तुझा एखादा शोध."

ते वाक्य तिच्या काळजात रुतून बसलं. साठी ओलांडलेल्या बाईनं असला हट्ट धरणं हसण्यासारखंच. पण तिनं धरला. आपण लहान आहोत आणि अम्मची आपल्याजवळ आहे, असा एक तरी फोटो त्या घरात कुठं ना कुठं असणारच, असं तिनं मनाशी ठरवलं आणि तिला तो हवाच होता.

मग रोज जेवण झालं की ती माहेरच्या बंद घरात जाऊन बसू लागली. पलंगाखालची ट्रंक ओढून तिनं फोटो बाहेर काढले. आमच्याकडची ओल म्हणजे काय विचारता, निम्मे एकमेकांना चिकटलेले, निम्म्यांवर बुरशी. चिकटलेले तिनं तांदळाच्या डब्यात पुरून ठेवले. सुटले, की जुन्या मुंडूच्या, म्हणजे कमरेला गुंडाळायच्या पांढऱ्या वस्त्राच्या, मऊ तुकड्यानं पुसायचे आणि स्कॅनरवर घालायचे. कोण कोण आहे ते कॉम्प्युटरवर फोटोखाली लिहायचं. लग्नं एकीकडं, बाप्तिस्मे एकीकडं, शवपेट्या एकीकडं.

शवपेट्या म्हटल्यावर दचकू नका. आमच्या जुन्या घरांतून फोटो कमी असतील, पण पेटीभोवतीचे फोटो नसलेलं घर मिळणार नाही. माणूस गेलं, की फादरच्या आधी फोटोग्राफरला निरोप जायचा. पेटी अंगणात, झाकण उघडं, गेलेल्याच्या हातात पांढरे हातमोजे आणि क्रूस, उशाशी सगळ्यात जवळचं माणूस आणि भोवती सगळा गोतावळा कॅमेऱ्याकडं बघत उभा. त्या काळी खेड्यातल्या घरात कॅमेरा यायचा तो बहुतेक अशाच दिवशी. आम्ही सगळे आपले आजोबा-पणजोबा कसे दिसायचे ते पेटीतच बघून मोठे झालो. अन्नम्माही तशीच. तिनं शवपेट्यांची थप्पी हातात घेतली आणि ओळखीच्या गावातून चालल्यासारखी एकेक बाजूला ठेवत गेली. हा आजोबा, ही मोठी आत्या, हा विहिरीत पडलेला चुलता.

त्यात एक लहान पेटी निघाली.

तिनं ती आधी कुणा नातेवाइकाची म्हणून बाजूला ठेवली. मग परत उचलली. पेटीच्या पायथ्याशी तिचे वडील उभे होते, मिशी नुकती फुटलेली. उशाशी अम्मची बसली होती, कोवळी पोर, तोंड सुजलेलं. आणि पेटीत तीनेक वर्षांची मुलगी. डोक्याला कागदी फुलांचा मुकुट, अंगात लेसचा फ्रॉक, हातात पांढरे हातमोजे. डोळे मिटलेले. अन्नम्मानं मान वर करून भिंतीकडं पाहिलं. खुर्चीतली मुलगी तोच फ्रॉक घालून टक्क डोळ्यांनी तिच्याकडं बघत होती.

तिनं दोन्ही फोटो स्कॅन केले आणि ती कॉम्प्युटर काखेत मारून घरी आली. कुरियाचन दुपारची झोप काढून काळा चहा पीत बसला होता.

"अच्चाया, हे बघा."

त्यानं चष्मा शोधला, लावला. "हां, तुझाच की. भिंतीवरचाच फ्रॉक. अगं पण ही तर..."

"यात मी मेलेय, अच्चाया."

एरवी त्यानं यावर दहा गोष्टी ऐकवल्या असत्या. त्यानं चहा खाली ठेवला. "कुणी चुलत बहीण असेल. पूर्वी एकाच घरात दहा-दहा पोरं."

"चुलत बहिणीच्या उशाशी माझी आई कशाला बसेल? तिची आई काय फोटो काढायला गेली होती?"

 तिनं भिंतीवरचा फोटोही स्कॅन करून आणला होता. दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. डाव्या खांद्यावर लेस दुमडलेली होती, दोन्हीकडं तशीच. मुकुटाच्या जागी केस होते, पण ते खांद्यावर पडलेले नव्हते, उशीवर पसरतात तसे बाजूला पसरलेले होते. मोठं करून पाहिलं तर खुर्चीच्या वेताला ब्रशचे फटकारे दिसले. फुलदाणीलाही. आणि डोळ्यांनाही. मिटलेल्या पापण्यांवर कुणीतरी बसून उघडे डोळे रंगवले होते.

लहानपणी ती त्या फोटोसमोर बसून तोंडं वेडीवाकडी करायची. काचेत आपलं तोंड त्या तोंडावर बसवून बघायची आणि जुळलं की हसायची. ते आठवलं आणि तिनं कॉम्प्युटरचं झाकण खाली केलं.

आता कुणी म्हणेल, एवढी गोष्ट साठ वर्षं तिला कळली कशी नाही. पण आमच्याकडं ते सहज होतं. मोठं माणूस गेलं, की त्याच्या नावानं दर वर्षी कुर्बाना, जेवण, सगळ्यांच्या तोंडी नाव. बाप्तिस्मा झालेलं लहान लेकरू मात्र थेट स्वर्गात, देवदूतच ते, त्याच्यासाठी कसली प्रार्थना आणि कसलं वर्ष? त्याच्या थडग्यावर नाव नाही, काही वर्षांनी तीच जागा दुसऱ्याला, हाडं चर्चमागच्या हाडांच्या विहिरीत. एकदा पुरलं, की नाव निघायचं कारणच उरत नाही. आणि आजीचं नाव तर चालवायलाच हवं, म्हणून पुढची मुलगी झाली की तेच नाव तिला. त्या काळी यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. अम्मचीनं तर ताकास तूर लागू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी कुरियाचन म्हणाला, "जाऊ दे, राहू दे ते काम." पण ही कसली राहू देतेय. आता तिला वेगळंच पडलं होतं. अम्मची शेवटी जिला हाका मारत होती ती कोण, हे तिला कळलं होतं. मग आपण कोण होतो? मेलेल्या मुलीच्या नावाची दुसरी मुलगी, जिचा फोटो काढावासा कुणाला वाटला नाही. तिला अम्मचीचा इतका राग आला, की ती रिकाम्या पलंगाला म्हणाली, "निदान वेगळं नाव तरी ठेवायचंस." मग ती पुन्हा फोटो पुसायला बसली.

घरभरणीचा एक फोटो होता. नव्या पडवीत सगळी माणसं उभी, मध्ये फादर, कडेला अम्मची. अंगात पांढरा चट्टा, म्हणजे आमच्या जुन्या बायकांचा सैल झंपर, आणि पांढरं मुंडू. तिच्या कमरेशी काळपट डाग होते. बुरशी समजून अन्नम्मानं पुसलं, निघेना. स्कॅन करून मोठं केलं. ती बोटं होती, चार लहान बोटं, अम्मचीच्या मागून येऊन मुंडू मुठीत धरलेली. नखंसुद्धा दिसत होती. मूल कुठंच नव्हतं.

तिनं चष्मा पुसला. पुढचा फोटो घेतला, काकाच्या लग्नाचा. अम्मची दुसऱ्या रांगेत होती. तिच्या दंडापाशी बोटं. पुढचा, आजीच्या पेटीचा. अम्मची पायथ्याशी उभी, हात मागे नेलेला, आणि पायांच्या मधे, मुंडूच्या काठाखाली एक लहान पाऊल. सेबिचनच्या बाप्तिस्म्याचा तर तिनं हजारदा पाहिला होता. अम्मचीच्या हातात तान्हा सेबिचन. आता मोठा करून पाहिला, तर अम्मचीच्या कोपराखालून बोटं बाहेर आलेली. सगळीकडं हात नाहीतर पाऊल होतं, चेहरा कुठंच नाही. तिनं ते फोटो वर्षांप्रमाणं लावले. पहिल्या फोटोत हात अम्मचीच्या गुडघ्याच्या वर होता. मग मांडीशी. मग कमरेशी, मग कोपराखाली, मग दंडाशी. मेलेलं लेकरू वर्षागणिक वाढत होतं.

बाहेर लख्ख ऊन होतं, बागेत कुणीतरी पानं झाडत होतं, आणि अन्नम्मा त्या खोलीतून मागे मागे सरकत बाहेर आली. भिंतीकडं पाठ करायचं धाडस तिला झालं नाही.

कुरियाचननं सगळे फोटो पाहिले आणि त्याची थट्टा कुठल्या कुठं गेली. "हे बघ, उद्या फादरना बोलावून घर आशीर्वादून घेऊ. स्कॅनर बंद."

"फादर काय बोटं मोजणार? मी आधी अम्मायीकडं जाते."

अम्मायी म्हणजे तिच्या वडिलांची धाकटी बहीण, रोसाकुट्टी. त्या पिढीतली तेवढीच उरली होती. एका कानानं बहिरी, दात नाहीत, पण पान सुटलेलं नाही. लोखंडी खलात विडा कुटून खायची. अन्नम्मा गेली तेव्हा तेच चाललं होतं.

"कोण, एक्स्चेंज का? ये, बस. आज फोन लागला नाही वाटतं, स्वतः आलीस."

अन्नम्मानं लहान पेटीचा फोटो तिच्या मांडीवर ठेवला. म्हातारी कुटायची थांबली. 

"कुठं मिळाला? मला वाटलं, एलिश्वानं जाळला असेल."

"ही कोण, अम्मायी?"

"अन्नम्मा. तुझी मोठी बहीण. घटसर्पानं गेली. ताप आला, घसा धरला आणि दोन दिवसांत खेळ खलास. जिवंतपणी फोटो काढलाच नव्हता गं. कोण काढतंय पोरीबाळींचे? म्हणून तुझ्या बापानं फोटोग्राफर आणला. मग स्टुडिओवाल्याला सांगितलं, हिला खुर्चीत बसव, डोळे उघड. तो म्हणाला, डोळे कसे होते? बाप काय सांगणार, बाप्याला पोरीचे डोळे आठवतात होय? तेव्हा एलिश्वा स्वतः स्टुडिओत जाऊन बसली. म्हणाली, माझ्यासारखेच होते, माझे बघून काढ."

 साठ वर्षं भिंतीवरून तिच्याकडं कोण बघत होतं, ते तिला आत्ता कळलं. मग तिनं बाकीचे फोटो काढले, बोटांवर बोट ठेवलं आणि हळूच विचारलं, "आणि हे? हीच का ही, अम्मायी? ही गेली नव्हती का?"

म्हातारीनं फोटो डोळ्यांना लावला आणि बोळक्या तोंडानं हसली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा. अगं गाढवे, ही तू."

"मी?"

"तू नाही तर कोण? एलिश्वाचं वेड ते. कॅमेरा दिसला, की तुला ओढून पाठीमागे घालायची. लग्न असो, बाप्तिस्मा असो. आम्ही म्हणायचो, अगं पोरीला पुढे कर, चांगली दिसते. ऐकेल तर शपथ. एकदा त्या घरात कॅमेरा आला तो पेटीसाठी. तिच्या डोक्यात बसलं, कॅमेरा आला की पेटी आली. आणि नाव तेच ना. म्हणायची, अन्नम्मा एकदा नेलीय त्यांनी. परत दिसली, तर परत नेतील."

"कोण नेतील?"

"मला काय ठाऊक? तिलाही ठाऊक नसेल. दुधानं तोंड पोळलं, की माणूस ताकही फुंकून पितं."

"मग सेबीला का नाही लपवलं?"

"त्याचं नाव वेगळं. त्याला कोण ओळखणार होतं? तुला मात्र सात वर्षांची होईतो लपवलं. कम्युनियनला फादर रागावले, तेव्हा सोडलं. त्या दिवशी फोटो होईतो चर्चबाहेर जिन्यावर बसून होती, रडत. तिथून उठवून आणली मी तिला."

अन्नम्मा घरी आली आणि तिला आठवलं. आठवलं म्हणजे काय, नाकालाच आठवलं. कांजी घातलेल्या मुंडूचा आंबूस वास, पलीकडं पुष्कळ माणसांचा गलका, आणि डोळ्यांसमोर नुसतं पांढरं. हे तिला अधूनमधून स्वप्नात दिसायचं. ते स्वप्न नव्हतं. पाठीवर अम्मचीच्या हाताचा दाब असायचा, तोही आठवला. दाब चांगलाच होता, श्वास कोंडायचा.

त्या रात्री जेवताना ती कुरियाचनला म्हणाली, "घाबरली, कबूल. पण तिच्या भीतीचा भुर्दंड मी का सोसायचा? साठ वर्षं मला वाटत राहिलं, मी नकोशी होते. एकदा तरी सांगायचं होतंस, अम्मची. तोंड होतं ना तुला?"

"तुला सगळं देऊन बसल्यावर तिच्याकडं कुठलं उरणार तोंड?" कुरियाचन म्हणाला. ती हसली, पण राग गेला नाही. माशाचं कालवण तिनं तसंच ताटात ठेवलं.

पुस्तकासाठी तिनं घरभरणीचा फोटो पाठवला. सेबिचनचा लगेच फोन.

"चेची, चुकीचा पाठवलास. यात तू कुठायस?"

"आहे. मोठं करून बघ."

पलीकडं माउसची टकटक झाली. मग तो म्हणाला, "चेची, हे मला भीतीदायक वाटतंय. भिंतीवरचा छापू का त्याऐवजी?"

"छापलास, तर मेलबर्नला येऊन थोबाडीत मारीन," असं म्हणून तिनं फोन ठेवला. भिंतीवरचा फोटो मात्र तिनं काढला नाही. लहान बहिणीचा म्हणा, मोठ्या बहिणीचा म्हणा, त्या मुलीला सगळ्या जगात तेवढीच एक जागा होती. ती रोज गेली की आधी त्या डोळ्यांकडं बघायची. रंगवलेलेच ते, पण अम्मचीचे होते, यात काही शंका नव्हती.

वर्षाचा कुर्बाना झाला. सगळे जमले, मेलबर्नचे, बंगळुरूचे. अम्मायीलाही खुर्चीतून आणलं. कुर्बान्यानंतर सगळे थडग्याशी गेले, फुलं ठेवली, फादरनी प्रार्थना म्हटली, आणि मग रीतीप्रमाणं फोटो. आता फोटोग्राफर म्हणजे कानात बाळी घातलेला तरणा मुलगा, गळ्यात दुधी भोपळ्याएवढा कॅमेरा. त्यानं सगळ्यांना थडग्याभोवती उभं केलं, म्हाताऱ्यांना बसवलं आणि मिन्नूला बोटाला धरून अगदी पुढे, क्रूसाजवळ आणून ठेवलं. मिन्नू साडेतीन वर्षांची. सेबिचनच्या बायकोनं मेलबर्नहून आणलेला पांढरा फ्रॉक तिच्या अंगात होता.

"नाव काय गं तुझं?" फोटोग्राफर कॅमेरा डोळ्याला लावत म्हणाला.

चर्चच्या आवारात खरं नाव सांगायचं, असं मिन्नूला आईनं शिकवलं होतं. तिनं छाती काढून सांगितलं, "अन्नम्मा."

"वा. अन्नम्मा, माझ्याकडं बघ."

अन्नम्मा मागच्या रांगेत कुरियाचनशेजारी उभी होती. ती पुढे कधी आली, ते तिला कळलं नाही. लोकांना एवढंच दिसलं, की तिनं दोन माणसांना कोपरानं बाजूला सारलं, नातीचा दंड धरला आणि तिला ओढून आपल्या पाठीमागे घातलं.

"अम्मा, हे काय? पोरीला पुढे कर," जोमोन म्हणाला.

"आजी, बाळ दिसत नाही," फोटोग्राफर म्हणाला.

"न दिसू दे. तुम्ही काढा."

सगळे बघत राहिले. कुणाला वाटलं, म्हातारीला भोवळ आली. कुरियाचननं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि खाली मान घातली. ती पांढरीफटक पडली होती, कपाळावर घाम होता, आणि मागे नेलेला हात पोरीच्या पाठीवर इतका घट्ट दाबलेला होता, की मिन्नू कुरकुरायला लागली, "अम्मची, मला काही दिसत नाही." नातसुद्धा आजीला अम्मचीच म्हणते आमच्याकडं.

तो हात आपला आहे, हे अन्नम्माला कळत होतं. तो उचलायला पाहिजे, पोरीला पुढे करायला पाहिजे, हेही कळत होतं. नुसता कॅमेरा आहे, त्यानं कुणाचं काही होत नाही. इतके महिने ती अम्मचीला मनातल्या मनात हेच ऐकवत आली होती. तिनं हात उचलून पाहिला. तो उचलेना.

"एवढी भीती वाटायची होय गं तुला," ती थडग्याकडं बघून म्हणाली, आणि साऱ्या तालुक्याला टरकवणारा तिचा तो आवाज पार चिरकला.

जोमोन पुन्हा पुन्हा सांगत राहिला, पण ती बाजूला झाली नाही.